सपाट हात

उरणच्या सरकारी दवाखान्यात माझ्या जागेला कागदावर काय म्हणायचे ते मला शेवटपर्यंत नीट म्हणता आलं न्हाय. सगळे मावशीच म्हणायचे. फरशी पुसायची, घाण काढायची, पेशंटला एक्स-रे फोटोच्या खोलीत न्यायचं आणि परत आणायचं, हे पगाराचं काम. पण मला तिथं खरी किंमत होती ती दुसऱ्याच कामाची. माणूस धरायचा.

छातीत पाणी झालेला पेशंट आला की साहेब सुई हातात घ्यायच्या आधी विचारायचे, "मावशी कुठे आहेत?"

मी तिसरीत शाळा सोडली. म्हणून हे मी बोलते हाय आणि सून लिहून घेते हाय. ती मधेच म्हणते, हे जरा बरं करून लिहूया. मी म्हणते, मी म्हणाले तसंच लिही.

छातीत पाणी म्हणजे काय ते आधी सांगते, न्हायतर पुढचं कळणार न्हाय. फुफ्फुसावर एक पातळ पडदा असतो आणि बरगड्यांना आतून तसाच दुसरा. श्वास घेतला की दोन ओल्या फडक्यांसारखे ते एकमेकांवर सरकतात. त्यांच्यामधे कधीकधी पाणी साठतं. कोणाला वाटीभर, कोणाला बादलीभर. मंग फुफ्फुसाला फुगायला जागा राहत न्हाय. माणूस चार पायऱ्या चढला की थांबतो. साहेब पाठीवर बोटानं वाजवून बघायचे. रिकामा हंडा वाजतो तसं वाजलं तर ठीक. भरलेल्या हंड्यासारखं बद्द वाजलं की समजायचं, पाणी हाय.

ते काढायला पाठीतून सुई घालावी लागते. पेशंटला स्टुलावर बसवायचं, पुढं टेबलावर उशी, उशीवर दोन्ही हात, हातावर डोकं. मी टेबलाच्या पलीकडं बसून त्याचे दंड धरायचे. सुई बरगडीच्या वरच्या कडेनं जाते, खालच्या कडेला नस असते. माणूस हलला किंवा एकदम खोकला की सुई फुफ्फुसाला लागायची. म्हणून मी सगळ्यांना एकच सांगायची: खोकला येतोय वाटलं की आधी मला चिमटा काढायचा. चिमटा बसला की मी "साहेब" म्हणायची, साहेब सुई मागं घ्यायचे, मंग खोक काय खोकायचं ते. असे चिमटे मी बरीच वर्षं खाल्ले. माझे हात कायम निळे. आमचे हे एकदा म्हणाले, लोकांना वाटेल मीच मारतो.

धिप्पाड माणसं जास्त घाबरायची. कंटेनरच्या गाडीवरचा एक ड्रायव्हर होता. एवढा दांडगा की स्टुलावर मावेना. सुई अजून ट्रेमधेच होती, स्पिरिटचा बोळा पाठीला लागला आणि तो टेबलासकट माझ्यावर आला. त्याला उचलायला चौघं लागले. शुद्धीवर आल्यावर म्हणतो, "झालं का?"

मिठागरावरची एक म्हातारी होती. जन्मभर गुडघाभर खाऱ्या पाण्यात उभी राहिलेली. तिची खात्रीच होती की खाडीचं पाणी पायातून वर चढून छातीत गेलं. बाटली भरली तशी तिनं मागं वळून विचारलं, "खारं हाय का बघ गो." मी म्हणाले, आजी, ते चाखायचं नसतं. तर म्हणते, "मंग तुला कसं कळणार कुठलं हाय ते?" पाणी मात्र खाडीच्या रंगाचं नव्हतं. टीबीचं पाणी बहुतेक वेळा पिवळसर असतं, भाताच्या पेंढ्यासारखं. बघत बघत मी इतकी सरावले की बाटलीकडं नजर टाकून साहेबांच्या आधी मनात म्हणायची, हे तेच.

पण मला जास्त मान मिळाला तो हाताच्या टोचणीमुळं.

टीबी अंगात हाय का बघायला हातावर, कोपराच्या खाली, एक बारीक टोचणी देत. दोन-तीन दिवसांनी तिथं गाठ आली तर अंगानं टीबीला ओळखलं असं धरायचं. गाठ डोळ्यानं न्हाय बघायची, बोटानं बघायची. लाली कितीही असू दे, कडकपणा किती ते मोजायचं. सिस्टर मोजपट्टी लावायच्या. पण सिस्टर एक आणि पेशंट भरपूर, तवा त्या म्हणायच्या, मावशी, बघून ठेवा, मी लिहिते. मी डोळे मिटून बोट फिरवायची. माझं आणि पट्टीचं सहसा वेगळं यायचं न्हाय. गावात पसरलं. बायका बाजारातसुद्धा पदर सावरून हात पुढं करायच्या, "मावशी, बोट फिरव जरा." मला आवडायचं ते. खोटं कशाला बोलू.

माझी धाकटी बहीण यमुना. आमची घरं एकाच आळीत. तिचा नवरा लवकर गेला. पोर एकच, वनिता. दवाखान्यात मला सगळं जग मावशी म्हणायचं, पण खरी भाची ही एवढीच. बंदराजवळच्या गोदामात पॅकिंगला जायची. खोकी उचलायची, चिकटपट्ट्या मारायची. बोलायला तिखट. मी दवाखान्यातून आले की म्हणायची, "मावशी, लांब बस, वास मारतेस." आणि मंग स्वतःच माझ्या मांडीवर डोकं टाकायची.

ती एकविसाची असताना तिच्या उजव्या कुशीत दुखायला लागलं. श्वास घेतला की चमक. यमुना म्हणाली, खोकी उचलून उसण भरली. आमच्याकडं उसण भरली की पायाळू माणसाला बोलावतात. जो जन्मताना पायाकडून आला त्यानं पाय लावला की उसण उतरते म्हणतात. आळीतल्या एका पायाळू बाईनं तीन सकाळी येऊन वनिताच्या पाठीला पाय लावला. वनिता हसत होती, म्हणाली, "आता लाथा खायच्या राहिल्या होत्या फक्त." पण संध्याकाळी कणकण यायला लागली आणि विहिरीपासून घरापर्यंत येताना ती दोनदा बसली. मी तिला दवाखान्यात आणलं.

साहेबांनी पाठ वाजवली. उजवीकडं खाली बद्द. फोटोत खालचा कोपरा पांढरा. थुंकी तपासली, त्यात काय न्हाय. हातावर टोचणी दिली. साहेब म्हणाले, "दोन दिवसांनी हात बघू आणि पाणी काढून तपासायला पाठवू."

दोन दिवसांनी मी वनिताच्या हातावर बोट फिरवलं. सपाट. डोळे मिटून परत फिरवलं. मुंगी चावल्याएवढीसुद्धा गाठ न्हाय.

तवा मला काय झालं ते आज नीट सांगते. मला आनंद झाला. मी दुसऱ्यांच्या लेकी-सुनांना किती धरलं त्याची गणती न्हाय. पण त्या टेबलापलीकडं वनिताचे दंड धरायचे आणि तिच्या पाठीत ती लांब सुई जाताना बघायची, हे मला नको होतं. सपाट हात मिळाला आणि मला सुटल्यासारखं झालं. साहेबांनी सांगितलं, हात सपाट असला तरी पाणी बघितलेलं बरं. मी ते ऐकलं. माझ्या कानानं ऐकलं.

यमुना व्हरांड्यात बाकावर होती. ती मला म्हणाली, "ताय, सायब सांगतो तर काढू दे की पानी. तू हायस ना धरायला."

मी म्हणाले, "हात सपाट हाय. थुंकीत काय न्हाय. उगं कशाला लग्नाच्या पोरीच्या पाठीत भोक पाडायचं?"

तिनं माझ्याकडं बघितलं. मी दवाखान्यातली. तिनं पाणी काढायचं न्हाय असं लिहिलेल्या कागदावर अंगठा दिला. साहेबांनी तापाच्या, दुखण्याच्या गोळ्या दिल्या आणि पंधरा दिवसांनी या म्हणून सांगितलं. आम्ही गेलो न्हाय. कारण पंधरा दिवसांत ताप उतरला. दीड-दोन महिन्यांत चमक गेली, दम लागायचा थांबला. वनिता परत गोदामात जायला लागली. यमुनानं देवीला नारळ दिला आणि प्रसादाची वाटी आधी माझ्या घरी आणली. मी खाल्ला.

पुढच्या वर्षी वनिताचं लग्न झालं. थळच्या बाजूला दिली. माणसं बरी. माहेरी काय दुखणं झालं होतं हे तिकडं कोणी बोललं न्हाय. बोलायला होतं काय, उसण तर भरली होती.

मंग दवाखान्यात मेघनाबाई आल्या. मुंबईच्या मोठ्या कॉलेजातल्या डॉक्टरीण, वयानं वनिताहून फार मोठ्या नव्हत्या. त्यांना छातीतल्या पाण्याचाच अभ्यास करायचा होता. ज्याचं पाणी काढू त्याचंच थोडं रक्तपण घ्यायचं, आणि दोन्ही मुंबईला न्यायचं. साहेबांनी मला त्यांच्या हाताखाली दिली.

पहिल्याच दिवशी मी घोळ केला. दोन पेशंट झाले. बाई जेवायला गेल्या. पाण्याच्या-रक्ताच्या नळ्या टेबलावर तशाच, बाहेर ऊन रणरणतं. मला वाटलं, लाँचनं मुंबईला जाईस्तोवर हे आंबणार. आमच्याकडं खराब होऊ नये ते बर्फात घालतात. कोलंबी असो, पापलेट असो, वरखाली बर्फ. मी पेटी आणली, बर्फ आणला, मासळी लावतात तशा नळ्या लावल्या आणि वर अजून बर्फ दाबला. बाई आल्या, पेटी उघडली आणि खाली बसल्या.

"मावशी, मेले सगळे."

मी घाबरले. म्हणाले, कोण मेले?

तवा त्यांनी मला पहिल्यांदा सांगितलं. पाण्यात नुसतं पाणी नसतं. अंगाचे शिपाई असतात त्यात. त्यांचं एक नाव हाय, टी पेशी. बाईंना ते जिवंत पाहिजे होते. म्हणाल्या, मी त्यांना प्रश्न विचारते. नळीत टीबीच्या जंतूचा मेलेला तुकडा टाकते, उबेत ठेवते, आणि बघते कोण ओळखतं, कोण खवळतं. मेलेल्यांना काय विचारू? त्या दोन्ही पेशंटना परत सुई नको म्हणून बाईंनी ती नावं सोडून दिली. मला एक शब्द बोलल्या न्हाईत. त्या दिवसापासून मी नळ्या पदरात गुंडाळून कमरेला खोचायची आणि बाईंबरोबर मोरा बंदराच्या धक्क्यापर्यंत चालत जायची. लाँचवाला म्हणायचा, मावशी अंडी उबवते.

चार-पाच महिने गेले. एक दिवस बाई वही घेऊन बसल्या होत्या आणि मी फरशी पुसत होते. मी सहज विचारलं, काय बोलतात तुमचे शिपाई?

त्या खुशीत होत्या. म्हणाल्या, "मावशी, गंमत आहे. एकाच माणसाचं रक्त आणि पाणी. रक्तातल्या शिपायांना विचारलं तर गप्प, जसं काही टीबी त्यांनी पाहिलाच नाही. आणि पाण्यातले एकदम खवळतात."

मी म्हणाले, मंग पाण्यात जंतू जास्त असतील.

"तेच तर. जंतू अगदी थोडे असतात, शोधून सापडत नाहीत. थुंकीत तर बहुतेक मिळतच नाहीत. पाणी जंतूमुळे होत नाही, या लढाईमुळे होतं. पडद्यात चार जंतू शिरतात आणि अंगातले सगळे जाणते शिपाई तिथे धावतात. मग रक्तात कोण राहणार? हातावर टोचलं तरी कधीकधी काही उठत नाही."

आता आमच्याकडचं सांगते. आमची भातशेतं खाडीच्या कडेला, भरतीच्या पाण्याच्या खालच्या अंगाला. मधे मातीचा बांध. बांधाला खांड पडली, म्हणजे भगदाड पडलं, की खारं पाणी आत आणि पुढची तीन वर्षं भात न्हाय. म्हणून खांड पडल्याची हाळी आली की अख्खं गाव बांधावर. बाप्ये, बाया, म्हातारे, चुलीवरचं चुलीवर टाकून. मी लहानपणी चिखलाची ढेकळं डोक्यावर वाहिली हायत. त्या वेळी कोणी गावात येऊन दार वाजवलं तर ओ द्यायला कोणी नसायचं. त्याला वाटेल गाव ओसाड हाय. गाव ओसाड नसायचं. गाव बांधावर असायचं.

मी हे बाईंना सांगितलं. म्हणाले, म्हणजे हातावर टोचलं ते रिकाम्या घराचं दार वाजवल्यासारखं?

बाईंनी ते वहीत लिहून घेतलं. म्हणाल्या, "मावशी, हे मी माझ्या भाषणात सांगू का?"

मी म्हणाले, सांगा. आणि ते बोलता बोलता माझ्या बोटाला वनिताचा तवाचा हात लागला. सपाट. मी फडकं बादलीत टाकलं.

मी विचारलं, "बाई, एखादीचं पाणी औषधाशिवाय आपोआप गेलं तर?"

"जातं बऱ्याचदा. शिपाई जंतूंना कोंडून ठेवतात. पण ते मरत नाहीत. औषध दिलं नाही तर वर्ष, दोन वर्षं, पाच वर्षांनी टीबी फुफ्फुसात उठतो. सगळ्यांना नाही. पण बऱ्याच जणांना." मंग त्यांनी विचारलं, "कोणी आहे का अशी?"

मी म्हणाले, न्हाय.

तिथंच सांगितलं असतं तर बाईंनी धावपळ केली असती, अशी बाई होती ती. पण तवा सगळ्यांसमोर कबूल करावं लागलं असतं की साहेब काढा म्हणत होते आणि मी नको म्हणाले. जिच्या बोटावर गाव विश्वास ठेवतं ती मी.

त्याच आठवड्यात रजा टाकून मी थळला गेले. करंजाहून लाँचनं रेवस, पुढं एसटी. वनिताला पाचवा महिना होता. गाल भरलेले, चेहरा तकतकीत. मला बघून म्हणाली, "आज वास न्हाय येत तुला, काय आंघोळ करून आलीस वाटतं." तिच्या सासूनं कोलंबीचं कालवण केलं, तांदळाच्या भाकऱ्या टाकल्या. वनिता एकदा खोकली. कोरडं, लहानसं. मी विचारलं तर म्हणाली, चुलीचा धूर.

मी जेवता जेवता म्हणाले, छातीचा फोटो काढून घे गो बाय एकदा.

सासूनं भाकरी थापायची थांबवली. "फोटो? पोटुशी बाईचा? का हो, माहेरी काय होतं का तिला?"

वनिता सासूच्या मागं उभी होती. तिनं माझ्याकडं असं बघितलं की मला ते बघणं अजून पुसता आलेलं न्हाय. आजारी पोर दिली असं एकदा कोणाच्या तोंडात गेलं की ते काय जन्मभर धुऊन निघत न्हाय, हे तिला म्हायीत होतं आणि मलापण.

मी म्हणाले, "न्हाय हो. दवाखान्यातली सवय. दिसेल त्याला फोटो काढ म्हणते."

सगळे हसले. मी दुसरी भाकरी घेतली.

वनिता मला एसटीपर्यंत सोडायला आली. वाटेत तिनं हळूच विचारलं, "मावशी, मला काय झालंय का गो?"

मी म्हणाले, "न्हाय बाय. काय न्हाय."

एकदा न कळता बोलले होते. हे कळून बोलले. लाँचमधे बसल्यावर मी ठरवलं, बाळंत होऊ दे, मंग शांतपणे सांगू. घरी आल्यावर यमुनाला सांगितलं, बघून आले, छान हाय. ती दिवसभर खुशीत होती.

वनिताला मुलगी झाली. दोन महिन्यांनी तिला आमच्याच दवाखान्यात आणलं, दोघांनी धरून. खोकल्यातून रक्त. दोन्ही फुफ्फुसं भरलेली. आता थुंकीत जंतू मोजता येईनात इतके होते. उजवीकडं पाणी परत झालं होतं. साहेब नवीन होते, त्यांना जुनं काय म्हायीत नव्हतं. मेघनाबाईंचं काम संपून त्या कधीच गेल्या होत्या. साहेबांनी सुई घेतली आणि विचारलं, मावशी कुठे आहेत?

मी टेबलापलीकडं बसले. वनिताचे दंड धरले. दंड कसले, सुक्या काटक्या. तिला सांगितलं, खोकला आला तर चिमटा काढ. तिनं चिमटा काढला, पण त्यात जोरच नव्हता, मला कळलाच न्हाय. ती खोकली. साहेबांनी वेळेवर सुई ओढली म्हणून बरं.

औषध सुरू झालं होतं. औषध चांगलं असतं, फुकट असतं, सहा महिने घेतलं तर माणूस उठून कामाला लागतो. मी असे कितीतरी उठलेले बघितले हायत, त्यातले काही अजून रस्त्यात हाक मारतात. पण त्याला वेळ द्यावा लागतो आणि वनिताकडं वेळ नव्हता. तिनं पोरीला जवळ आणू दिलं न्हाय. व्हरांड्याच्या खिडकीबाहेर यमुना तिला घेऊन उभी राहायची. वनिता तोंडावर पदर घेऊन आतून बघायची. म्हणायची, "तिच्या कानावर केस किती आलेत बघ." तिसऱ्या आठवड्यात, सकाळी चादर बदलताना, ती गेली. मी चादरीचं एक टोक धरलं होतं.

पोरीला साहेबांनी औषध दिलं. ती धड हाय, थळला शाळेत जाते.

आळीत सांगितलं, बाळंतपणात गेली. थळलापण तेच. टीबी शब्द कोणी काढला न्हाय. यमुना सगळ्यांना सांगायची, "माझ्या तायनं लय केलं तिचं, शेवटपर्यंत उशाशी होती." माझ्यासमोर सांगायची. मी मान हलवायची. त्यानंतर मी कोणाच्या हातावर बोट फिरवलं न्हाय. अजून एखादी बाई हात पुढं करते. मी म्हणते, दवाखान्यात जा, डॉक्टरला पाठ दाखव, पाणी काढतो म्हणाला तर काढू दे. त्यांना वाटतं, म्हातारी झाली, बोटातलं गेलं.

या अंकासाठी कामाच्या आठवणी सांगा म्हणून माणूस आला, तवा मी त्याला ड्रायव्हरची आणि मिठागरावरच्या म्हातारीची गोष्ट सांगितली. तो हसला, म्हणाला, अजून सांगा. मी म्हणाले, महिन्यानं ये.

दुसऱ्या दिवशी मी यमुनाकडं गेले. ती ओट्यावर बसून सुपात जवळा, ती बारीक सुकी कोलंबी, निवडत होती. मी समोर बसले आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. हात, शिपाई, बांध, थळ. ती निवडत राहिली. जवळ्यातले खडे एका बाजूला, काड्या एका बाजूला.

माझं संपल्यावर तिनं विचारलं, "पानी काढू नको म्हनालीस तवा तुला ठाव नव्हतं?"

"न्हाय."

"थळला गेलीस तवा?"

"तवा ठाव होतं."

तिचा हात थांबला. "परत आलीस आनि छान हाय म्हनालीस."

"व्हय."

"तवा औषध मिळालं असतं तर जगली असती?"

मला म्हणता आलं असतं, देवाला म्हायीत. मी दवाखान्यात होते, मला म्हायीत होतं.

मी म्हणाले, "बहुतेक जगली असती."

शेजारची कोंबडी ओट्यावर चढून जवळा टिपायला लागली तरी तिनं हाकलली न्हाय. मंग म्हणाली, "ते छापनार हायत त्यात तिचं नाव काय घालनार?"

मी म्हणाले, बदलून दुसरं कायतरी घालू.

"बदलू नको. इतकी वर्सं मी सगळ्यांना बाळंतपनात गेली सांगितलं. लाज वाटायची म्हनून. तिनं काय चोरी केली नव्हती." तिनं सूप उचललं. "माझंबी खरं लिव. आनि तू केलंस तेबी."

ती आत गेली. चहा घे म्हणाली न्हाय. मी ओट्यावर थोडा वेळ बसले, मंग उठून आले. त्याला आता महिना होत आला. आळी तीच हाय, नळावर दोघी असतो. ती आपली घागर भरते आणि जाते.

तिनं सांगितलं तसंच वर सगळीकडं वनिता लिहिलं हाय. ती टीबीनं गेली.